तीळ आणि ठिपके

ही गोष्ट मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही. बायकोला नाही, मित्रांना नाही, आई होती तोवर तिलाही नाही. आणि गोष्ट तरी कसली — एका ग्राफिक्स कार्डाची. कंप्युटरच्या डब्यात बसणारी वीतभर पट्टी, तिच्यावर एक पंखा. ती बदलायची की नाही, एवढाच प्रश्न होता. एवढ्याशा गोष्टीत लपवण्यासारखं काय असतं, असं तुम्ही विचाराल. मीही स्वतःला बरीच वर्षं तेच विचारत आलो.

कार्डाकडे येतो. पण आधी मलकपेठच्या खोल्या सांगू द्या, नाहीतर पुढचं कळणार नाही.

रेसकोर्सच्या मागच्या गल्लीत आमच्या दोन खोल्या होत्या. पुढच्या खोलीत आईचं शिलाई मशीन, मागच्या खोलीत आम्ही तिघं. दारावर पुठ्ठ्याची पाटी होती — साडीला फॉल-पिको करून मिळेल — तेलुगू, उर्दू आणि इंग्रजीत. मराठीत नव्हती; मराठी गिऱ्हाईक होतंच किती? नळाला दिवसाआड पाणी यायचं. आजोबा भालकीकडची जमीन भावांवर सोपवून हैदराबादला आले होते, आणि बाबा सातवीत असताना आजोबा वारले. तिथंच बाबांची शाळा संपली. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी कुणी चढलं नव्हतं. बाबा दिलसुखनगरच्या एका फोटो स्टुडिओत कामाला होते. लग्नांचा हंगाम आला की काम, हंगाम गेला की काम नाही. मुहूर्त लागले की नाही हे आम्हाला पंचांगाआधी वरणात कळायचं — वरण घट्ट असलं की लग्नं लागलीत.

बाबांचं काम रिटचिंगचं, म्हणजे फोटो सुधारण्याचं. आधी काळ्या-पांढऱ्या फोटोंत रंग भरायचे. आजच्या पोरांना हे सांगितलं की ते हसतात, पण मी ते काम पाहत मोठा झालो. तिरप्या काचेखाली पेटलेला बल्ब, बशीत रंगाचे थेंब, काडीला गुंडाळलेला कापूस. बाबा कापूस रंगात बुडवायचे, मग जवळजवळ सगळा रंग रद्दी कागदावर पुसून टाकायचे आणि जे उरेल ते नवरीच्या गालावर. नुसता फिरवायचे, टेकवायचे नाहीत. बघता बघता त्या बाईच्या अंगात रक्त यायचं. मी रविवारी डबा घेऊन जायचो आणि शेजारच्या स्टुलावर बसून राहायचो. स्पिरिटचा वास, बाहेर बसचे हॉर्न, आत बाबांचा श्वास — गालाजवळ आले की ते श्वास रोखायचे. मीही रोखायचो.

स्टुडिओचे मालक नरसिंगन्ना. जातिवंत हैदराबादी माणूस, तेलुगूत सुरुवात करून दक्खनीत वाक्य संपवायचे. ते गिऱ्हाइकाला सांगायचे, "हमारे मराठी मास्टर की आँख है जी, मशीन नक्को बोलना." बाबा मान खाली घालून हसायचे. पगारापेक्षा त्यांना ते वाक्य आवडायचं, हे मला तेव्हाही कळायचं.

आणि बाबांचा एक नियम होता. डाग काढायचा, तीळ ठेवायचा. डाग म्हणजे मुरूम, भाजल्याची खूण, निगेटिव्हवरचा ओरखडा. तीळ म्हणजे ते माणूस. "तीळ पुसला तर आईला पोरगी ओळखू येईल का?" असं म्हणायचे. सगळ्या हयातीत त्यांनी एकही तीळ पुसला नव्हता. हे लक्षात ठेवा.

मग कंप्युटर आला. काचेचं टेबल कोपऱ्यात गेलं, त्यावर रिकाम्या फ्रेमा रचल्या गेल्या. बाबा तेव्हा पंचेचाळिशी ओलांडलेले. इंग्रजी येत नाही, माऊस हातात धरला की तो टेबलाखाली जाणार. नरसिंगन्नांनी त्यांना काढलं नाही, हे त्यांचं मोठेपण. मी अकरावीत होतो. शाळेच्या कंप्युटरवर जे काही शिकलो होतो त्याच्या जोरावर बाबांना शिकवायला बसलो. बाबांना इंग्रजी अक्षरं वाचता येत नव्हती, तर त्यांनी पडद्यावरच्या मेनूंच्या जागा पाठ केल्या. डावीकडून तिसरं दार, आत पाचवी पायरी — तिथं रंग बदलतो. दुसरं दार, शेवटची पायरी — तिथं उजेड. महिन्याभरात ते न बघताच दारं उघडायला लागले. वर्षभरात त्या पडद्यावर त्यांचा हात असा चालायला लागला की काडी आणि कापसाची आठवण यावी. मी शिकवलं हे खरं. पण रंग मी नाही शिकवला. तो त्यांच्या डोळ्यात आधीच होता.

तेव्हापासून घरात एक रीत पडली. सुधीरला विचारा. औषधाच्या बाटलीवर काय लिहिलंय — सुधीरला विचारा. विजेचं बिल, रेशन कार्ड, बँकेचा फॉर्म, टीव्ही दुरुस्त होईल की नवा घ्यावा — सुधीरला विचारा. मी डिग्री कॉलेजात गेलो तशी ही रीत गल्लीभर पसरली. नरसिंगन्नाही मला 'इंजनेर साब' म्हणायचे, मी बी.एस्सी. करत होतो, पण तेवढा फरक कोण बघतो? खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडायचं. माझ्या शब्दावर मोठी माणसं उठतात-बसतात, याची एक नशा असते. पहिल्या पिढीत शिकलेल्या माणसाला ती जास्त चढते. ज्यांच्या घरी सगळेच शिकलेले, त्यांच्या शब्दाला कुणी ना कुणी आडवं येतं. माझ्या शब्दाला आडवं यायला कुणी नव्हतं.

आता कार्ड.

शेवटच्या वर्षाला मी संध्याकाळी थ्री-डी ॲनिमेशनचा कोर्स लावला. नोकरी हवी तर शोरील लागायचं — एका मिनिटाची फिल्म, स्वतः बनवलेली, आपल्याला काय येतं ते दाखवणारी. मी विषय निवडला बाबांचं टेबल. तिरपी काच, खालून येणारा उजेड, बशीतले रंग, काडीवरचा कापूस, आणि नवरीच्या एका काळ्या-पांढऱ्या फोटोत हळूहळू चढणारा रंग. रंग भरणारा माणूस नाही, नुसता रंग. माझा घरचा कंप्युटर सिकंदराबादच्या बाजारातून सुटे भाग आणून जोडलेला, त्यातलं ग्राफिक्स कार्ड जुनं, कुणाचं तरी वापरून झालेलं. काच आणि उजेड पडद्यावर फिरवायला गेलं की मशीन मरायचं. जरा हलवलं की अडकायचं, मधेच बंद पडायचं. परीक्षा जवळ, कंपन्यांच्या मुलाखती जवळ, आणि माझी काच अजून काचेसारखी दिसत नव्हती.

त्याच सुमारास नरसिंगन्नांना लग्नांच्या व्हिडिओचं मिक्सिंग सुरू करायचं होतं. कुठलं कार्ड घ्यावं? सुधीरला विचारा. मी सांगितलं ते त्यांनी आणलं, मीच बाबांच्या मशीनमध्ये बसवलं. पण मिक्सिंगचं काम पुढच्या हंगामात सुरू होणार होतं. तोवर ते नवं कार्ड नुसतं फोटोंसाठी. फोटोला एवढ्या ताकदीचं कार्ड काय करायचं?

तुमच्या लक्षात आलंच असेल.

एका रविवारी मी 'धूळ साफ करतो' म्हणून स्टुडिओत गेलो, कंप्युटरचा डबा उघडला, त्यांचं नवं कार्ड काढलं आणि माझं जुनं बसवलं. पंधरा दिवसांचा प्रश्न, मग परत बदलू. चोरी म्हणायचं का त्याला? तेव्हा मी 'वापरायला घेतलंय' म्हणायचो. आज चोरीच म्हणतो. पण कबूल करायचं आहे ते हे नाही. हे झालं असतं आणि इथंच थांबलं असतं, तर मी एव्हाना मित्रांत हसत सांगितलं असतं.

आठवड्याभरात बाबा घरी येऊन डोळे चोळायला लागले. म्हणाले, पडद्यावर ठिपके दिसायलेत. बारीक, गुलाबी-हिरवे. दाट रंगात जास्त, साडीच्या काठात, केसांत, कधी गालावर. आणि सकाळी नसतात, दुपारनंतर येतात. आई म्हणाली, "दुपारी जरा डोळे मिटत जा, दिवसभर त्या उजेडात बघत बसता." बाबा म्हणाले, "डोळे मिटले की नसतात ना ते. पडद्यावरच आहेत."

मी जेवत होतो. मान वर केली नाही.

दुपारनंतर का? स्टुडिओत एसी होता तो शूटिंगच्या खोलीत. बाबांची केबिन म्हणजे पत्र्याचं छप्पर असलेला कोपरा. सकाळी कार्ड थंड असायचं, दुपारी तापायचं, आणि तापलं की पडद्यावर असे ठिपके टाकायचं. फोटोत काही नसायचं, फक्त दाखवताना दिसायचे. हे मला कसं माहीत? — कारण माझ्या घरी त्या कार्डाने तेच केलं होतं. म्हणूनच तर मला ते काढायचं होतं. मी ते ठिपके बाबांच्या आधी पाहिले होते. गुलाबी-हिरवे. दाट रंगात जास्त. मला सगळं माहीत होतं, आणि मी भाताचा घास घेतला.

बाबांनी काय केलं असेल? जे हयातभर केलं तेच. ठिपका दिसला की तो साफ करायचा. पण फोटोत तो नव्हताच. बाबा एका ठिकाणी ब्रश फिरवायचे, ठिपका दुसरीकडे उगवायचा. तिथं फिरवायचे. हळूहळू चेहऱ्यांवर पुसट पट्टे पडायला लागले — पडद्यावर दुपारी कळणार नाहीत असे, पण कागदावर छापून आले की स्पष्ट. आणि एका अल्बममध्ये त्या गर्दीत, सगळे ठिपकेच आहेत असं समजून, बाबांनी नवरीच्या हनुवटीवरचा तीळ पुसला. खरा तीळ. एका फोटोत नाही, सगळ्या अल्बमभर.

नवरीची आई अल्बम घेऊन आली. ओरडली नाही म्हणे. काउंटरवर अल्बम उघडला आणि फोटोवर बोट ठेवून एवढंच म्हणाली — माझ्या मुलीचा तीळ कुठं गेला? बाबांचं वाक्य, तेच वाक्य, एका अनोळखी बाईच्या तोंडून.

दुसऱ्या दिवशी सकाळी नरसिंगन्नांनी मला बोलावून घेतलं. कॉलेजला जाता जाता मी स्टुडिओत शिरलो. मशीन नुकतंच सुरू केलेलं. पडदा स्वच्छ, धुतल्यासारखा. नरसिंगन्ना, बाबा आणि मी, तिघंही त्या पडद्याकडे बघत उभे. बाबा म्हणाले, "आत्ता नाही दिसत. दुपारी या, दुपारी दाखवतो." ते असं म्हणाले, जसं एखादं पोर गुरुजींना सांगतं — खरंच गृहपाठ केला होता, वही घरी राहिली.

नरसिंगन्नांनी माझ्याकडे पाहिलं. "क्या बोलते इंजनेर साब? कार्ड बदलना क्या? तुम बोलो तो आजच मँगाता, परवा नक्को करो."

हाच तो प्रश्न. कार्ड बदलायचं का? आज माझ्या धंद्यात तो प्रश्न रोज येतो. माणसं मला फोन करून विचारतात, आणि मी त्यांना दहा गोष्टी सांगतो — काम अडतंय का बघा, तापतंय का बघा, पडद्यावर ठिपके येतात का बघा. त्या सकाळी मला फक्त एक 'हौ' म्हणायचं होतं. समोरचा माणूस आनंदाने नवं कार्ड आणायला तयार होता. एक 'हौ', आणि बाबांचे डोळे बाबांकडे राहिले असते.

पण 'हौ' म्हटलं की, कार्ड वॉरंटीतलं म्हणून, कार्डवालाच येणार, डबा उघडणार, आणि म्हणणार — अन्ना, हे तुमचं कार्ड नाहीच. मग बाबा माझ्याकडे बघणार. त्या स्टुडिओत, जिथं मी इंजनेर साब होतो.

मी म्हणालो, "कार्ड नया है अन्ना. उसको कुछ नहीं हुआ."

एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं का? ठाऊक नाही. मी थांबलो नाही. खोट्याला टेकू लागतो. बाबांकडे वळून, अगदी समजूतदार आवाजात, मी मराठीत म्हणालो, "बाबा, वय झालं की होतं असं. एकदा डोळे दाखवून घ्या."

बाबांनी पडद्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, शंका नव्हती. मी ती अजून शोधतो — थोडी तरी शंका असती तर मला बरं वाटलं असतं. म्हणाले, "हौ. तसंच असेल. तू शिकलेला आहेस."

डोळ्यांच्या डॉक्टरने तपासलं. म्हणाला, वयाच्या मानाने नजर उत्तम आहे, वाचायला चष्मा घ्या, बाकी काही नाही. मला वाटलं, सुटलो. आता बाबा म्हणतील — बघ, डॉक्टर काय म्हणतो. पण बाबा घरी आले आणि आईला म्हणाले, "डॉक्टरला कंप्युटरमधलं काय कळतंय? सुधीर म्हणतोय ना." डॉक्टरपेक्षा माझा शब्द मोठा. ही आमच्या घरची रीत, आणि ती मीच वाढवलेली.

त्याच आठवड्यात बाबांनी आपण होऊन खुर्ची सोडली. नरसिंगन्ना नको म्हणत होते. बाबा काउंटरवर बसायला लागले — पासपोर्ट फोटो कापायचे, पाकिटात घालायचे, हनुवटी वर करा, चष्मा काढा.

अजून एक राहिलं. माझं शोरील पूर्ण झालं. त्या रविवारी मी पुन्हा 'धूळ साफ करायला' गेलो आणि कार्डं परत बदलली. नवं त्यांच्या मशीनमध्ये, जुनं माझ्या. सोमवारपासून खुर्चीवर एक नवी बाई बसली, कोर्स केलेली. तिला एकही ठिपका दिसला नाही. सकाळी नाही, दुपारी नाही. नरसिंगन्ना बाबांना म्हणाले, "देखो मास्टर, मशीन बराबर है." बाबांनी मान हलवली. म्हणजे मी फक्त खोटं बोललो नव्हतो. त्या खोट्याचा पुरावाही मीच तयार करून ठेवला.

पुढे एकदा, नोकरी लागल्यावर, मी म्हणालो, "बाबा, बसून बघा ना परत. नव्या चष्म्याने जमेल." ते पाकिटावर गोंद लावत होते. म्हणाले, "नको रे. तीळ पुसला मी." आणि गोंद लावत राहिले.

नोकरी त्या शोरीलवरच लागली. मुलाखत घेणाऱ्याने ती एक मिनिटाची फिल्म दोनदा पाहिली. विचारलं, कातडीच्या रंगाची इतकी समज कुठून आली? मी म्हणालो, निरीक्षणातून. कुणाच्या, ते सांगितलं नाही.

एवढी वर्षं मी हे कसं ओढलं? अहो, सोपं असतं. माणूस चांगला मुलगा होतो. विद्यानगरला घर घेतलं, आईबाबांना आणलं. आईचं शेवटचं आजारपण काढलं. बाबांचे डोळे दर वर्षी तपासून आणतो. डॉक्टर दर वर्षी म्हणतात, नजर छान आहे, आणि मी दर वर्षी गाडी बाहेर काढायला आधी उठतो. आई होती तोवर ती बाबांपुढे दोन साड्या धरून विचारायची, कोणती? बाबा म्हणायचे, तूच बघ, मला रंगातलं आता कळत नाही. तिला वाटायचं, ते रुसलेत. आताही भाजी घेताना टोमॅटो हातात धरून माझ्या मुलीला विचारतात, "मुक्ता, पिकलाय का बघ ग." ज्या माणसाने हजार नवरींच्या गालांवर रक्त आणलं, तो टोमॅटोचा लाल दुसऱ्याला विचारतो.

मुक्ता बारा वर्षांची आहे. कंप्युटरवर चित्रं काढते. माझ्या ॲनिमेशन स्टुडिओतून निवृत्त झालेलं मशीन तिला दिलंय; त्याचं कार्ड बदलायला हवं हे मला कळत होतं, पण कामाच्या गडबडीत ढकलत होतो. तिला रंगाची समज आहे. ती कुठून आली हे मला विचारावं लागत नाही.

या मे महिन्यात एका दुपारी ती आतून ओरडली, "पप्पा, स्क्रीनवर डॉट्स येतायत! पिंक, ग्रीन!"

मी उठलो. पण माझ्या आधी बाबा उठले. तिच्या शेजारी जाऊन उभे राहिले, पडद्याकडे बघितलंच नाही, सरळ तिच्या डोळ्यांकडे. त्यांचा चेहरा उतरला होता. म्हणाले, "दुपारनंतर येतात ना?" ती म्हणाली, "हौ आजोबा, तुम्हाला कसं माहीत?" बाबा माझ्याकडे वळले. "सुधीर, ही माझ्यावर गेली रे. हिचे डोळे दाखव लवकर. आणि चित्रं बंद कर तिची, माझ्यासारखं होईल."

मुक्ता रडकुंडीला आली. "म्हणजे मी ड्रॉइंग नाही करायचं?"

मी तिथंच डबा उघडला. कार्ड हाताला चटका देईल इतकं तापलेलं, पंख्यात जाळं. माझ्या स्टुडिओतलं एक नवं कार्ड आणून बसवलं. मशीन सुरू केलं. त्या भर दुपारी पडदा स्वच्छ — तिने काढलेली केशरी साडी, तिचा निळा काठ, एक ठिपका नाही. मुक्ता खुर्चीत उडीच मारून बसली.

बाबांनी टेबलावरचं जुनं कार्ड उचललं. उलटंपालटं केलं. अंगठा पंख्यावरून फिरवला, तसा, नुसता, न टेकवता. "एवढंसं असतं हे," ते म्हणाले. मग पडद्याकडे बघत, "म्हणजे कार्डामुळे पण दिसतात ठिपके?"

आणि मी — चाळिशीला आलेला, लोकांना शहाणपण सांगणारा मी — स्क्रू पिळत म्हणालो, "कधी कधी. प्रत्येक वेळी नाही."

प्रत्येक वेळी नाही. त्या सकाळी केबिनमध्ये मी तेविशीचाही नव्हतो, घाबरट पोरगा म्हणून सोडून देता येईल. या मे महिन्यातला मी कोण होतो? माझ्याकडे वाचवायला काय होतं? नोकरी नाही, परीक्षा नाही. फक्त ती रीत. सुधीरला विचारा.

बाबांनी कार्ड हळूच टेबलावर ठेवलं आणि आपल्या खोलीत गेले. तीन-चार दिवस ते मुक्ताच्या खोलीत चक्कर मारत राहिले, दुपारी. दारात उभं राहून पडदा बघायचे. ठिपका येतो का, वाट बघत असावेत. काय शोधत होते ते मी विचारलं नाही.

मुक्ताला मराठी बोलता येतं, वाचता नीट येत नाही; हे लिहिलेलं तिच्यापर्यंत लगेच पोचणार नाही. बाबा मात्र वाचतात. ज्यात हे छापून येतंय तो आमच्या मराठी मंडळाचा वार्षिक अंक घरी आला की ते आधी सगळी चित्रं बघतात, मग पहिल्या पानापासून सुरुवात करतात. ओळीखाली बोट ठेवून, एकही पान न वगळता, जाहिरातींसकट. हे पानही येईल. समोर बसून सांगणं माझ्याकडून झालं नाही. इतक्या वर्षांत झालं नाही आणि त्या दुपारी, कार्ड त्यांच्या हातात असताना, तेव्हाही झालं नाही.

आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी. विद्यानगरात माझा स्टुडिओ आहे, सहा मशिनं आहेत, चार माणसं कामाला आहेत. कार्ड कधी बदलावं हे विचारायला लोक लांबून माझ्याकडे येतात. हे सगळं मिळालं, आणि त्याची सुरुवात त्या एका मिनिटाच्या फिल्मपासून झाली.

बाबा, ते कार्ड मी बदललं होतं. ठिपके पडद्यावरच होते.